बोलणं बंद, व्यापार चालू

२ मे १९५८. नागासाकीतल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये चिनी टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं. एक जपानी तरुण आत आला आणि तिथे लावलेला चीनचा झेंडा त्याने खेचून खाली पाडला. पोलिसांनी त्याला पकडलं आणि लगेच सोडूनही दिलं. जपान तेव्हा तैवानमधल्या सरकारलाच चीनचं सरकार मानत होता, बीजिंगला त्याची मान्यता नव्हती. त्यामुळे टोकियोचं म्हणणं असं पडलं, की ज्याला आम्ही देश मानत नाही त्याच्या झेंड्याला राष्ट्रध्वजाचं संरक्षण कसं मिळणार? कायद्याच्या चौकटीत हे बसतही असेल. बीजिंगने मात्र काही दिवसांतच जपानशी चाललेला जवळजवळ सगळा व्यापार तोडून टाकला.

याची झळ मंत्र्यांना लागली नाही. लागली ती भांड्यांवर लाखकाम करणाऱ्या कारागिरांना, कारण त्यांना लागणारं उरुशी नावाचं रोगण, म्हणजे एका झाडाचा चीक, चीनहून यायचं. रस्त्यावर भाजलेले गोड चेस्टनट विकणारेही अडकले, त्यांचा मालही चीनचाच. शेवटी जपानी कामगार संघटनांनी चिनी कामगार संघटनांकडे शब्द टाकला आणि १९५९ पासून अशा छोट्या धंद्यांपुरतं थोडं रोगण, थोडे चेस्टनट सोडले जाऊ लागले. सरकारं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती, तरी चेस्टनट बोटीत चढत होते.

मोठ्या अर्थसत्ता एकमेकींशी भांडतात तेव्हा बातम्यांमधून वाटतं की आता सगळं तुटणार. चीन आणि जपान यांच्याबाबतीत तर हे दर दोन-चार वर्षांनी वाटतं. युद्धाच्या जखमा, बेटांचा वाद, तैवान, नौदलांची ये-जा, यांतलं काहीच मिटलेलं नाही. तरीही दोघांमध्ये वर्षाला सुमारे ३०० अब्ज डॉलरचा व्यापार होतो. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधाचा दावा कोर्टात पिढ्यान् पिढ्या चालतो, पण सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या सहसा कोणी मोडत नाही, तसाच हा प्रकार. फक्त या पाळ्या कोणी, कशा लावल्या आणि त्या मोडायची वेळ आली तेव्हा काय झालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

त्याआधी एक गैरसमज बाजूला काढू. एकमेकांशी भरपूर व्यापार असला की देश आपोआप शहाण्यासारखे वागतात, असं म्हणतात. १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे ग्राहक होते, पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. व्यापार युद्ध थांबवत नाही. फार तर भांडण वाढवायची किंमत वाढवतो. ती किंमत वेळेवर कोणाच्या तरी लक्षात यावी लागते, आणि ती बघून मागे यायला वाट असावी लागते. चीन-जपानची खरी कमाई या वाटा बांधण्यात आहे.

सरकारं नाहीत, 'खासगी' माणसं

पहिली वाट १९६२ मध्ये पडली. चीनमध्ये नुकताच भीषण दुष्काळ होऊन गेला होता आणि सोव्हिएत रशियाशी बिनसलं होतं. खतं हवी होती, यंत्रं हवी होती आणि ती देणारा सर्वांत जवळचा देश जपान होता. मान्यता नसल्यामुळे सरकारांमध्ये करार होणं शक्य नव्हतं. मग दोन 'खासगी' माणसांनी सही केली. चीनकडून लियाओ चंगझी. हे जन्मले टोकियोत, शिकले वासेदा विद्यापीठात आणि जपानी बोलायचे ते अस्सल टोकियोकरांसारखं. जपानकडून तात्सुनोसुके ताकासाकी, जुने उद्योगपती. युद्धकाळात ते जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात अवजड उद्योगांचे प्रमुख होते, पुढे जपानचे व्यापारमंत्री झाले. १९५५ च्या बांडुंग परिषदेत त्यांची चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याशी गाठ पडली होती.

९ नोव्हेंबर १९६२ च्या त्या निवेदनात पाच वर्षांचा हिशोब मांडला होता. चीनने कोळसा, लोहखनिज, सोयाबीन, मका, मीठ द्यायचं. जपानने पोलाद, खतं, कीटकनाशकं आणि कारखान्यांची यंत्रसामग्री. दोघांच्या आडनावांच्या पहिल्या इंग्रजी अक्षरांवरून त्याला 'एल-टी व्यापार' म्हणू लागले. १९६४ पासून दोन्ही राजधान्यांत संपर्क कार्यालयं आली, बातमीदारांची देवाणघेवाणही झाली. नावाला व्यापारी कार्यालयं, पण वकिलातीचं निम्मं काम तिथेच व्हायचं.

हे प्रकरण गोडीगुलाबीने चाललं असं मुळीच नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात करार दरवर्षी नव्याने करावा लागे. जपानी शिष्टमंडळ बीजिंगला जाई, तिथे आठवडेच्या आठवडे बसे आणि शेवटी एका संयुक्त निवेदनावर सही करी. त्या निवेदनात खुद्द जपान सरकारच्या धोरणावर सडकून टीका असे. म्हणजे आपल्याच पंतप्रधानांच्या निषेधाखाली सही करायची आणि मग खतांचे भाव बोलायचे. घरी परतल्यावर या लोकांना काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना करा. पण त्यांनी ते सोसलं म्हणून १९७२ मध्ये जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका बीजिंगला गेले आणि अधिकृत संबंध जुळले, तेव्हा दोन्ही बाजूंना एकमेकांची पारख असलेले शेकडो लोक आधीच तयार होते.

वादाचा मुद्दा तसाच ठेवायचा

दुसरी युक्ती लिहायला सोपी, पाळायला अवघड. जो प्रश्न सुटत नाही तो सोडवायचा हट्ट धरायचा नाही. पूर्व चीन समुद्रात काही निर्मनुष्य बेटं आहेत. जपान त्यांना सेनकाकू म्हणतो, चीन दियाओयू. ताबा जपानचा, दावा दोघांचाही. ऑक्टोबर १९७८ मध्ये चीनचे नेते डेंग शियाओपिंग शांतता कराराच्या निमित्ताने जपानला आले. पत्रकार परिषदेत बेटांचा विषय निघाला. आमच्या पिढीला यावर तोडगा काढण्याइतकी अक्कल नाही, पुढची पिढी जास्त शहाणी निघेल, अशा आशयाचं उत्तर देऊन त्यांनी तो बाजूला सारला. चीन म्हणतो, तेव्हा दोघांनी मिळून वाद स्थगित ठेवायचं ठरवलं. जपान म्हणतो, असं काही ठरलंच नव्हतं, कारण वाद आहे हेच आम्हाला मान्य नाही. गंमत अशी की हा मतभेद असूनही पुढची तीस वर्षं दोघे बरेचसे तसंच वागले.

त्याच दौऱ्यात डेंग शिनकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये बसले, निप्पॉन स्टीलचा किमित्सूचा पोलाद कारखाना पाहिला, ओसाकाजवळ मात्सुशिताचा टीव्ही कारखाना पाहिला. वृद्ध कोनोसुके मात्सुशितांकडे त्यांनी चीनच्या आधुनिकीकरणासाठी मदत मागितली आणि मात्सुशितांनी होकार दिला. मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासोनिक. डिसेंबर १९७८ मध्ये शांघायजवळ बाओशान पोलाद प्रकल्पाचं काम जपानी तंत्रावर सुरू झालं. १९८१ मध्ये चीनकडे परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि त्याने या प्रकल्पाची कंत्राटं रद्द केली. दुसरा कोणी असता तर कोर्टात गेला असता. जपानने नवी कर्जं देऊन काम मार्गी लावलं. १९७२ मध्ये चीनने युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडला होता. १९७९ पासून जपानने चीनला जी विकास-मदत दिली ती २०२२ मध्ये संपेपर्यंत सुमारे ३.६ लाख कोटी येनवर गेली. तिला भरपाई कोणीच म्हटलं नाही. दोघांच्याही मनात ती काय होती, हे वेगळं सांगायला नको.

वाद तसाच ठेवून काम भागवायचा आणखी एक नमुना मासेमारीचा आहे. समुद्राची हद्द कुठे आखायची यावर एकमत होईना. मग १९९७ च्या करारात समुद्राचा एक पट्टा 'तात्पुरता' म्हणून वेगळा काढला. तिथे चिनी बोट सापडली तर कारवाई चीनने करायची, जपानी सापडली तर जपानने. हद्दीचा प्रश्न तसाच राहिला आणि कोळी आपल्या कामाला लागले. या व्यवस्थेला एक भोक होतं. बेटांच्या अगदी लगतचं पाणी तिच्यात येत नव्हतं.

२०१०: भोकातून आलेलं संकट

७ सप्टेंबर २०१० ला नेमक्या त्याच पाण्यात एका चिनी ट्रॉलरची (मासेमारी जहाजाची) जपानी तटरक्षक दलाच्या जहाजांशी टक्कर झाली. जपानने कप्तानाला अटक केली आणि देशी कायद्याखाली खटल्याची तयारी चालवली. आधी अशा वेळी माणसाला गुपचूप परत पाठवत. यावेळी ते झालं नाही. चीनने मंत्रिपातळीवरची बोलणी थांबवली आणि मग जपानी व्यापाऱ्यांच्या कानावर येऊ लागलं, की चिनी बंदरांतून 'रेअर अर्थ' निघत नाहीत.

रेअर अर्थ म्हणजे निओडिमियम, डिस्प्रोशियम अशी १७ मूलद्रव्यं. नावात 'रेअर' असलं तरी ती जमिनीत तशी बरीच सापडतात. खरी अडचण त्यांना एकमेकांपासून वेगळं करण्यात आहे. ते काम किचकट, घाणेरडं आणि आम्लं ओतून करायचं. विसेक वर्षांत चीनने ते स्वस्तात करून दाखवलं आणि बाकीच्यांनी आपल्या खाणी बंद केल्या. २०१० मध्ये जगातलं ९० टक्क्यांहून जास्त उत्पादन चीनमध्ये होत होतं आणि जपानची गरजही साधारण तेवढीच तिथून भागत होती. हायब्रिड गाडीच्या मोटरमध्ये जे छोटं पण जबरदस्त चुंबक लागतं, ते निओडिमियमचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधणाऱ्यांत एक जपानी शास्त्रज्ञ होता. शोध घरचा आणि कच्चा माल मात्र शेजाऱ्याच्या हातात.

लेखी बंदी कुठेच नव्हती. असं काही केलेलं नाही, असंच बीजिंग सांगत राहिलं. कागद तपासायला वेळ लागतोय, अधिकारी जागेवर नाही, अशा कारणांनी माल अडकत होता. हा अडथळा किती संपूर्ण होता यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. पण हे असं तोंडी ठेवण्याचा उपयोग लक्षात घ्या. जे जाहीर केलंच नाही ते मागे घेताना नाक कापलं जात नाही. सप्टेंबर संपायच्या आत जपानने कप्तानाला सोडलं आणि नोव्हेंबरच्या सुमारास माल पुन्हा हलू लागला.

त्यानंतर जपानने जे केलं ते मला या सगळ्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. एकीकडे चीनकडून खरेदी चालूच ठेवली. दुसरीकडे महिन्याभरातच १०० अब्ज येनची तरतूद केली: पर्यायी खाणी शोधा, जुन्या यंत्रांतून धातू परत काढा, हे धातू कमी लागतील अशा मोटरी बनवा. मार्च २०११ मध्ये सोजित्झ ही व्यापारी कंपनी आणि जपान सरकारची संसाधन संस्था यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले. खाण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट वेल्डची, शुद्धीकरण मलेशियात. पुढे बरीच वर्षं लायनस तोट्यात होती, तरी जपानने तिला सोडलं नाही. २०१६ मध्ये होंडाने दायदो स्टीलबरोबर जड रेअर अर्थशिवाय चालणाऱ्या चुंबकाची हायब्रिड मोटर आणली. आणि २०१२ मध्ये जपान, अमेरिका आणि युरोपीय महासंघ मिळून चीनच्या निर्यात-कोट्यांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ मध्ये निकाल चीनच्या विरुद्ध लागला, २०१५ च्या सुरुवातीला चीनने कोटे उठवले. चीननेही निकाल मानला, हे इथे नोंदवायला हवं.

चीनवरचं जपानचं अवलंबित्व ९० टक्क्यांवरून सुमारे ६० टक्क्यांवर आलं. शून्यावर आणायचा प्रयत्न झाला नाही आणि तो परवडलाही नसता. दुसऱ्याने नळ बंद केला तर आपण लगेच मरणार नाही एवढी खात्री झाली की त्याच्याशी शांत डोक्याने व्यवहार करता येतो. सहकार्य टिकवायचं असेल तर अवलंबित्व वाढवा, असा सल्ला एकेकाळी फार दिला जायचा. २०१० नंतर तो मला अर्धवट वाटतो.

जाळपोळ आणि दोन महिन्यांनी बोलणी

सप्टेंबर २०१२ मध्ये जपान सरकारने सेनकाकूंपैकी तीन बेटं खासगी मालकाकडून विकत घेतली. टोकियोचे कडवे राष्ट्रवादी गव्हर्नर ती घ्यायला निघाले होते, त्यापेक्षा सरकारकडे बरी, असा त्यामागचा हिशोब. चीनमध्ये तो कोणालाच पटला नाही. शहराशहरांत निदर्शनं पेटली. चिंगदाओत टोयोटाची शोरूम जाळली गेली आणि पॅनासोनिकच्या कारखान्यावर हल्ला झाला. होय, तीच पॅनासोनिक.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह इथे चीन, जपान आणि दक्षिण कोरियाच्या व्यापारमंत्र्यांनी मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू झाल्याचं जाहीर केलं. शोरूमच्या राखेला जेमतेम दोन महिने झाले होते. हे जमलं कारण बैठक आग्नेय आशियाई देशांच्या परिषदेला जोडून होती. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या दारात जावं लागलं नाही. तिसऱ्याच्या घरी, बऱ्याच पाहुण्यांत, कोपऱ्यात उभं राहून बोलता येतं. आरसेप हा आशिया-पॅसिफिकमधला मुक्त व्यापार करारही असाच १५ देशांच्या गर्दीत १५ नोव्हेंबर २०२० ला झाला (भारत ज्यातून २०१९ मध्ये बाहेर पडला तोच). चीन आणि जपान दोघेही सामील असलेला तो पहिला मुक्त व्यापार करार. दोघांनीच समोरासमोर बसून असा करार करायचा म्हटला असता तर दोन्हीकडच्या संसदा आणि वृत्तपत्रं पेटून उठली असती.

शिखर पातळीवरचा तिढा सुटला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, दोन मुरब्बी अधिकाऱ्यांनी घडवलेल्या चार कलमी मसुद्यामुळे. त्यात म्हटलं की अलीकडे त्या समुद्रात जो तणाव झाला त्याबद्दल दोघांची 'मतं वेगळी' आहेत. चीनने घरी सांगितलं, वाद असल्याचं जपानने मान्य केलं. जपानने घरी सांगितलं, मतं वेगळी तणावाबद्दल आहेत, मालकीबद्दल नाहीत. तीन दिवसांनी शी जिनपिंग आणि शिंझो आबे यांनी हस्तांदोलन केलं. त्या फोटोतले दोघांचे चेहरे बघण्यासारखे आहेत, जणू कोणी जबरदस्तीने उभं केलंय. पण २०१८ पर्यंत मध्यवर्ती बँकांमध्ये चलन-अदलाबदलीचा करार झाला, दोन्ही सैन्यांमध्ये अपघात टाळण्यासाठी संपर्क यंत्रणाही सुरू झाली. या यंत्रणेवर दहा वर्षांहून अधिक बोलणी चालली होती. ती बेटांच्या पाण्याला लागू आहे की नाही, हे त्यात मुद्दामच लिहिलेलं नाही.

चिमटा कुठे काढायचा

अलीकडच्या भांडणांत एक गोष्ट ठळक दिसते. दुखवायचं, पण आपला कारखाना थांबेल इतकं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली तेव्हा चीनने जपानी मासळीवर सरसकट बंदी घातली. होक्काइदोचे स्कॅलप (मोठे शिंपले) गोदामांत पडून राहिले. मच्छीमार चिडले की ते जपानी खासदारांना जाब विचारतात, आणि चीनच्या उद्योगाचं मात्र काही अडत नाही. जपानी यंत्रं, चिपसाठी लागणारी रसायनं यांना त्या वेळी हात लागला नाही. जपाननेही त्याच उन्हाळ्यात चिप बनवण्याच्या २३ प्रकारच्या उपकरणांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तीही चीनचं नाव न घेता. जून २०२५ मध्ये चीनने मासळीबंदी बरीचशी उठवली. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान सनाए ताकाइची तैवानबद्दल संसदेत बोलल्या आणि मासळी पुन्हा अडकली, चिनी पर्यटकांना जपानला न जाण्याचा सल्ला निघाला.

मला काळजी वाटते ती मासळीपेक्षा माणसांची. चीनचा हेरगिरीविरोधी कायदा कडक होत गेला. अस्तेलास या औषध कंपनीचा एक जुना जपानी अधिकारी २०२३ मध्ये पकडला गेला आणि २०२५ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. चीनमध्ये राहणाऱ्या जपानी लोकांची संख्या आता एक लाखाच्या खाली आली आहे, दशकभरापूर्वी ती बरीच जास्त होती. माल बंदरात अडकला तर सोडवता येतो. पण लियाओंसारखं जपानी बोलणारं आणि ताकासाकींसारखा अपमान गिळून टेबलावर बसणारं माणूस पाहिजे असेल, तर ते त्या देशात वर्षानुवर्षं राहून, तिथे मित्र करूनच घडतं.

भारताला यातलं काय लागू पडतं? गलवान २०२० मध्ये झालं, चिनी अ‍ॅप बंद झाली, थेट विमानसेवा बंदच राहिली आणि तरी चीनकडून आयात वाढतच गेली. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही रेअर अर्थ आणि चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, मुख्यतः अमेरिकेला उत्तर म्हणून. झळ पुण्यापर्यंत आली. बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. एका स्कूटरमध्ये चुंबक किती लागतं, तर अगदी थोडं. पण तेवढ्यासाठी अख्खी लाईन थांबते. त्याच वर्षी जूनमध्ये अशाही बातम्या आल्या की भारत सरकारने आपल्या सरकारी कंपनीला जपानला होणारी रेअर अर्थ निर्यात थांबवायला सांगितलं. म्हणजे जपानने जे पर्याय उभे केले होते, त्यांतला एक आपण होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जपानला ९० वरून ६० टक्क्यांवर यायला दहाएक वर्षं लागली, तीही पैसा, तंत्र आणि लायनससारखी खाण हाताशी असताना. त्या काळात त्याने चीनशी बोलणं आणि चीनकडून घेणं, दोन्ही थांबवलं नव्हतं.